अन्य वारस नाही

वर्तमानपत्राचं सातवं पान कोणी वाचत नाही, हे त्या पानाशी संबंध असलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. वकिलांना ठाऊक असतं, पेपरवाल्यांना ठाऊक असतं. ज्यांच्यासाठी ते छापायचं त्या ‘तमाम लोकां’ना तर असं काही पान आहे हेच ठाऊक नसतं. तमाम लोकांना उद्देशून दवंडी पिटायची आणि ती मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत पिटायची, ही कुठली तऱ्हा, देव जाणे. अमुक जमिनीवर कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. तमुक इसम मयत झाले असून त्यांना आमच्याखेरीज वारस नाही, असल्यास कळवावे. मुदतीत कोणी न आल्यास कोणाचा हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. कोण समजणार, ते कुठेच लिहिलेलं नसतं. पण छापलं म्हणजे कळलं असा रिवाज आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जमिनी इकडच्या तिकडे होत आल्या आहेत.

ते पान रोज नेमाने वाचणारी एकच बाई होती, आणि तीही ते सरळ वाचत नव्हती.

सव्वीस वर्षं ती त्या पेपरात मुद्रितं तपासत होती. ऑफिसात तिला चिमटाताई म्हणायचे. एक तर ती चूक बरोबर चिमट्यात धरून बाहेर काढायची, आणि दुसरं म्हणजे चूक करणाऱ्यालाही जाता जाता एक चिमटा काढायची. पूर्वी या कामाला दोघं असत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर बोट फिरवायचं. तिचा जोडीदार म्हातारा होता. तो निवृत्त झाला तेव्हा मालकांनी त्याच्या जागी कोणी नेमलं नाही, त्याची खुर्ची तेवढी दुसऱ्या खोलीत नेली. जाताना म्हाताऱ्याने तिला एक युक्ती दिली होती. एकटीला तपासायचं असेल तर नोटीस उलटी वाच. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, एकेक शब्द, एकेक आकडा, मूळ कागदाशी ताडून. “अर्थ लागला की डोळा झोपतो,” तो म्हणायचा. म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही.

तिने ती युक्ती अशी काही आत्मसात केली की विचारू नका. उलट्या वाचलेल्या नोटिशीत जमीन नसते, भाऊबंदकी नसते, मेलेला माणूसही नसतो. नुसते शब्द असतात आणि त्यांच्या पुढे तिची बारीक लाल खूण. सव्वीस वर्षांत तिच्या पानावर दोनदाच शुद्धिपत्र छापावं लागलं, आणि दोन्ही वेळा चूक वकिलाची होती.

तिचे वडील जाऊन आठ महिने झाले होते. वडील शिंपी. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, आणि एकदाच काय ती स्वतःसाठी हिंमत करून शहराच्या कडेला जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला. त्यावर घर काही झालं नाही. वडिलांच्या मागे ती आणि तिच्याहून सात वर्षांनी लहान भाऊ, असे दोघंच. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता. हिने शिक्षण सोडून त्याला वाढवलं, पुढे लग्नही केलं नाही. भाऊ सुतार झाला, चांगल्या हाताचा कारागीर. त्याचं लग्न झालं, त्याचं स्वतःचं दुकान झालं. दोघांत वाकडं असं काही नव्हतं. फक्त महत्त्वाचं काही असलं की दोघांच्याही तोंडाला कुलूप लागायचं, आणि तो गुण दोघांनीही वडिलांकडूनच घेतलेला.

आता बघा, ती राहत होती ती भाड्याची खोली वर्षअखेरीला सोडायची होती. इमारत पाडणार होते. या वयात नवी खोली शोधत फिरण्यापेक्षा वडिलांच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधाव्यात असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला हवी इथवर ठरलं होतं. पण भावाला त्यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तो जमिनीचा विषय काढेल तेव्हा सांगू, आपण होऊन कशाला काढा, असं म्हणत आठ महिने गेले.

एका रविवारी सकाळी भावजय दारात उभी. मागे हमालाच्या डोक्यावर लाकडी शेल्फ.

“ह्यांनी केलंय तुमच्यासाठी,” भावजय म्हणाली. “दहा दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही.”

शेल्फ भिंतीला लागलं. ती कौतुकाने हात फिरवून बघत राहिली. भावाने तिला शेवटचं काही करून दिलं त्याला वर्षं लोटली होती. तिने चहा टाकला. भावजय खुर्चीच्या कडेवर टेकली आणि एकदम तिचे डोळे भरून आले.

“ताई, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. तेव्हाच हे म्हणाले, ताईने मन मोठं केलं.”

“कशाबद्दल?”

“जमिनीबद्दल. नोटिशीबद्दल.” भावजयीचा कप हातातच राहिला. “तुमच्याच पेपरात आली ना. ह्यांना तिथे तुमची सही असलेला कागद दाखवला. ताईने बघून पास केलीय म्हणाले.”

हिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण बाई मोठी पक्की. “हो, हो,” म्हणाली, “एवढी कामं असतात, लक्षातून जातं बघ.” चहात साखर पुरेशी आहे का ते विचारलं, भावाच्या पाठदुखीची चौकशी केली, भावजयीला जिन्यापर्यंत पोचवून आली. दार लावल्यावर मात्र ती पलंगावर बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. घरात जुना पेपर असता तर लगेच काढून पाहिला असता. पण सव्वीस वर्षं पेपरात काढलेली ही बाई घरी पेपर घेत नव्हती. दिवसभर बघतेच, आणखी कशाला, म्हणायची.

सोमवारी ती वेळेच्या तासभर आधी ऑफिसात पोचली. नोटिशींची फाईल काढली. बरोबर चौदा दिवसांपूर्वीच्या कागदांत ती सापडली. तिने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नोटीस सरळ वाचली.

वडिलांचं पूर्ण नाव, तीन शब्दांत. त्यांच्या मालकीचा भूखंड, त्याच्या चारही बाजूंना काय आहे ते. मग, ‘सदर इसम मयत झाले असून त्यांचा मुलगा हाच त्यांचा एकमेव वारस आहे. मयतास अन्य कोणीही वारस नाही.’ हरकत असल्यास चौदा दिवसांत वकिलांकडे.

वडिलांच्या नावातल्या तिन्ही शब्दांपुढे तिची लाल खूण होती. ‘अन्य’पुढे खूण, ‘कोणीही’पुढे खूण, ‘नाही’पुढेही होती. आणि समासात तिच्याच टपोऱ्या हस्ताक्षरात एक दुरुस्ती. अक्षरं जुळवणाऱ्याने भूखंडाचा क्रमांक ४७१ केला होता, मूळ कागदावर होता ४१७. तिने एक आणि सातची अदलाबदल करून दिली होती. चूक तशीच राहिली असती तर ती नोटीस भलत्याच्याच जमिनीची झाली असती आणि फुकट गेली असती. ती तिने दुरुस्त केली, खाली सही केली आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हाताऱ्याची युक्ती अशी फळाला आली.

जमिनीचं दुःख तिला झालंच, नाही कशाला म्हणा. पण त्याहून जास्त लागलं ते ते एक वाक्य. वडिलांची शेवटची तीन वर्षं, त्यांचं पथ्यपाणी, दवाखान्याच्या बाकावर काढलेले दिवस, सगळं तिने केलं होतं. आणि इथे हजारो प्रतींत छापलं होतं की त्या माणसाला मुलगी नव्हती. वर तिची मंजुरी.

खाली खिडकीवर जाहिराती घेणारे काका डबा ठेवत होते. तिने कागद त्यांच्यापुढे धरला. “काका, ही माझ्या भावाची.”

“हो ना,” काका म्हणाले. “मी ओळखलं त्याला. पण म्हटलं घरचा मामला, आपण कशाला नाक खुपसा. वर तुम्ही सही केलीत, मग तर प्रश्नच मिटला.”

“काही बोलला तो?”

काकांनी आठवून पाहिलं. “दोनदा विचारलं त्याने. ही ताईच्याच हातून जाते ना? म्हटलं, इथली प्रत्येक नोटीस तिच्याच हातून जाते. मग बरं म्हणाला आणि गेला.”

हे काही तिच्या डोक्यात शिरेना. ज्याला लपवायचं असतं तो असं विचारत नाही. लपवणारे कुठल्या पेपरात जातात ते तिला चांगलं माहीत होतं. असे दोन पेपर गावात होतेच, ज्यांचे वाचक म्हणजे ते छापणारे आणि त्यांच्या घरचे. ती जागेवर आली आणि हरकत लिहायला बसली. भाषा तोंडपाठ होती, दहा मिनिटांत कागद तयार झाला. ‘मी मयताची मुलगी असून मृत्युसमयी त्यांच्यासोबत राहत होते. सदर नोटिशीतील मजकूर मला मान्य नाही.’ खाली सही. मुदतीचा शेवटचा दिवस तोच होता, आणि वकिलाचं ऑफिस सहाला बंद व्हायचं.

दुपारी ती अर्धी रजा टाकून निघाली. वकिलाचं ऑफिस उजवीकडे होतं, ती डावीकडे भावाच्या दुकानाकडे वळली. राग असा होता की आधी त्याच्या तोंडावर कागद मारावा आणि मगच वकिलाकडे जावं.

दुकानात भुसा घोट्यापर्यंत होता. भाऊ दाराच्या चौकटीला रंधा मारत होता, कानावर पेन्सिल. तिला बघून त्याने स्टूल फडक्याने पुसलं.

“शेल्फ नीट बसलं का?”

“बसलं. डावीकडे झुकतंय.”

“भिंत वाकडी असेल.”

“भिंतच वाकडी असणार, तुझं कसं चुकेल?” असं म्हणून तिने कागद पुढे केला.

तो वाचेपर्यंत तिची नजर दुकानभर फिरली. आणि तिला ती रेघ दिसली. भिंतीवर, छतापासून खालपर्यंत, जाड पिवळ्या रंगाची. दुकानाचा दोन तृतीयांश भाग त्या रेघेच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला येत होता.

“हे काय आहे?”

“रस्ता रुंद होतोय,” तो कागदावरची नजर न काढता म्हणाला. “रेघेपर्यंत पाडणार. दोन महिन्यांत.” मग त्याने वर बघितलं. “ताई, तेरा दिवस गप्प बसलीस आणि आज हरकत?”

“मी वाचलीच नव्हती.”

“तुझी सही होती.”

“सही होती. वाचली नव्हती.” मग तिने त्याला ती उलटं वाचायची रीत सांगितली. सांगताना तिलाच लाज वाटली. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीचा तोरा मिरवला ती बोलून दाखवली की किती खुळचट वाटते. भाऊ ऐकून घेत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिच्या तोंडून खोटं निघत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

“वकील दुसरा पेपर सांगत होता,” तो म्हणाला. “तिथे दिली असती तर तुला जन्मात कळलं नसतं. मी म्हटलं, नाही, ताईच्याच पेपरात द्यायची. ताईने बघू दे. नको असेल तर फोन करेल. छापून आली त्या दिवशी सकाळपासून फोन समोर घेऊन बसलो होतो. संध्याकाळपर्यंत आला नाही, तेव्हा म्हटलं, दिली.”

“तोंड शिवलं होतं का तुझं? विचारायला काय झालं होतं?”

त्याने रंधा उचलला, परत ठेवला. “विचारलं असतं तर तू दिली असतीस.”

“मग?”

“मग काही नाही. तू सगळं देतच आलीस. शिक्षण दिलंस, तरुणपण दिलंस. मी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकत मोठा झालो, बघ, ताईने तुझ्यासाठी काय काय केलं. आता यात दुकानाची जागा पण घालायची? म्हटलं, असं परस्पर होऊन जाऊ दे. तुला द्यायला नको, मला घ्यायला नको.”

तिला हे कळलं, आणि कळलं म्हणून राग आणखी चढला. “म्हणून मला पुसूनच टाकलंस. बाबांना अन्य कोणीही वारस नाही.”

“ते वकिलाने लिहिलं. तसा मसुदाच असतो.”

“मसुदा मला शिकवू नकोस.”

त्याने चौकटीवरचा भुसा हाताने झाडला.

“आणि कोणी सांगितलं तुला, मी दिली असती म्हणून?” ती म्हणाली. “मला त्या जमिनीवर घर बांधायचंय. माझी खोली जातेय वर्षअखेरीला.”

भावाने कानावरची पेन्सिल काढली. “हे कधी ठरलं?”

“आठ महिने झाले.”

“मला बोलली नाहीस.”

“वाटलं, तू विषय काढशील.”

एकाच्या दुकानावर रेघ ओढलेली, दुसरीची खोली पाडायला काढलेली, आणि दोघं एकमेकांकडे येऊन पाठदुखी आणि चहातली साखर विचारत होते. भाऊ पहिल्यांदा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

“विचार आता,” ती म्हणाली.

“काय?”

“जे विचारायचं होतं ते. तोंडाने विचार.”

त्याने मान खाली घातली. नऊ वर्षांचा होता तेव्हासुद्धा काही मागायचं झालं की असाच खाली बघत उभा राहायचा. “ताई, मला तो सगळा तुकडा हवाय. देशील?”

“नाही,” ती म्हणाली.

हा शब्द तिने त्याला आयुष्यात कधी ऐकवला नव्हता. मग त्याचे कान लाल झाले, त्याने पेन्सिल भुशात भिरकावली आणि तो भांडायला लागला. चांगला तार स्वरात. दुकान गेलं तर त्याने काय रस्त्यावर बसून दारं करायची का, आणि एवढं हवं होतं तर आठ महिने मूग गिळून का बसली होतीस. तीही काही कमी नव्हती. तिने वडिलांची तीन वर्षं काढली, त्याने केलेल्या दोन-दोन तासांच्या भेटी काढल्या, पाच वर्षांपूर्वी न आलेला फोनसुद्धा काढला. शेजारचा कुलूपवाला डोकावून गेला. दोघांनाही त्याचं भान नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, ते अर्ध्या तासात थोडंच संपणार? पण दोघांचा घसा मात्र बसला.

भावाने माठातलं पाणी दिलं, स्वतः प्यायला. मग भुशात शोधून पेन्सिल उचलली आणि फळीच्या तुकड्यावर एक लांबट चौकोन काढला.

“पुढचा भाग मला लागेल,” तो चौकोनाकडे बघत म्हणाला. “लाकडाचा टेम्पो मागे जाणार नाही.”

“घे. पण मला मागे जायला वाट हवी. बारा फूट.”

“बारा? वरात न्यायचीय का तुला तिथून? सात पुरे.”

“उद्या आजारी पडले तर गाडी दारापर्यंत यायला हवी.”

“मग नऊ. नवात येते गाडी.”

“येते, पण तिचं दार उघडत नाही.”

त्याने टेप काढून दुकानाच्या दारात नऊ फूट मोजून बघितले. बघून चौकोनातली वाट जरा रुंद केली. मग घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून गेले होते. त्याने तिचा हरकतीचा कागद घडी करून खिशात घातला, शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

वकिलाच्या ऑफिसात फाईलींचे ढीग लावलेले होते आणि पंखा आवाज करत फिरत होता. वकिलाने कागद वाचला, मग भावाकडे बघितलं. “तुम्ही आमचे पक्षकार. तुमच्या विरुद्धची हरकत तुम्हीच घेऊन आलात?”

“हो,” भाऊ म्हणाला. “आणि हरकत बरोबर आहे. तसंही लिहून घ्या.”

“तसं लिहायला रकाना नसतो.” वकिलाने चष्मा कपाळावर चढवला. “मग तेव्हा मला एकमेव वारस म्हणून का सांगितलंत?”

“चुकलं,” भाऊ म्हणाला.

वकिलाने मान हलवून कागद कारकून बाईंकडे सरकवला. बाईंनी जाड नोंदवही उघडली, तारीख टाकली, तिचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. वहीवरून बोट पुढे सरकवत त्या म्हणाल्या, “हरकतदाराचं मयताशी नातं?”

ती उत्तर देणारच होती. सकाळी तिने ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं.

“मुलगी,” भाऊ तिच्या आधी म्हणाला. “थोरली मुलगी. आम्ही दोघं आहोत.”

बाईंनी ते सावकाश लिहून घेतलं. ती टेबलाच्या या बाजूने ते उलटं दिसणारं एकेक अक्षर वाचत होती आणि तिला रडू येत होतं, आणि चारचौघांत रडायचं नाही हा तिचा नेम होता, तो तिने त्या दिवशी पाळला नाही. बाईंनी वही तिच्याकडे फिरवली आणि सही कुठे करायची ते दाखवलं. “आधी वाचून बघा,” बाई म्हणाल्या.

“बघितलंय,” ती म्हणाली, आणि तिने सही केली.